घाटमाथ्याचा पाऊस आणि सात मॉडेलं: सरासरी काढावी की काढू नये?

कोयनाकाठ | धागाकर्ता

विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर कोयनेच्या पाणलोटातलं नवजा किंवा महाबळेश्वर उघडून पुढच्या तीन दिवसांचा पाऊस बघा. युरोपीय मॉडेल (म्हणजे संगणकावर चालणारं हवामानाचं गणित) एक सांगतं, अमेरिकी जीएफएस दुसरंच, जर्मन आयकॉनचा जांभळा पट्टा भलत्याच तालुक्यावर असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे हे रोजचंच. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यांची सरासरी काढून मोकळे होतात. काही कामांना ती सरासरी उत्तम चालते. काही कामांत मात्र ती सरळ दिशाभूल करते, आणि तीही नेमकी ज्या दिवशी अंदाजाची सगळ्यात जास्त गरज असते त्या दिवशी. हा फरक नीट मांडावा म्हणून धागा काढतोय.

आधी मॉडेलांची ओळख. युरोपीय केंद्राचं आयएफएस सुमारे 9 किमीच्या जाळीवर चालतं (म्हणजे नकाशाचे तेवढ्या रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाचं गणित करतं), जीएफएस आणि आयकॉन 13 किमीच्या, ब्रिटिश हवामान खात्याचं युनिफाइड मॉडेल 10 किमीच्या. आपल्याकडे नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचं (एनसीएमआरडब्ल्यूएफ) एनसीयूएम 12 किमीवर आहे, हवामान खात्याचं जीएफएस साधारण तेवढ्याच जाळीवर, आणि पुण्याच्या आयआयटीएम या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने घडवलेली, 26 मे 2025 ला सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किमीवर. शिवाय समूह-अंदाज आहेत, म्हणजे सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं; प्रत्येक वेळचा अंदाज म्हणजे समूहाचा एक सदस्य. युरोपीय समूहात 51 सदस्य असतात, अमेरिकी समूहात 31.

पहिला मुद्दा मतं मोजण्याचा. सात मॉडेलं म्हणजे सात स्वतंत्र मतं, असं धरू नका. एनसीयूएम ब्रिटिश युनिफाइड मॉडेलवरच उभं आहे. आपलं जीएफएस अमेरिकी जीएफएसच्या घराण्यातलं आहे. गणित बरंचसं सारखं, ढगांची सूत्रं बरीचशी सारखी, म्हणून चुकाही एकाच दिशेला झुकतात. या चौघांनी उघडीप सांगितली आणि एकट्या युरोपीय मॉडेलने झड सांगितली, तर ते चार विरुद्ध एक नसतं, दोन घराणी विरुद्ध एक असतं. मी आधी घराण्यातल्या घराण्यात सरासरी काढतो आणि मग घराणी एकमेकांसमोर ठेवतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. समजा पहिलं मॉडेल नवजाला 180 मिमी सांगतंय. दुसरंही 180 मिमीचाच पट्टा दाखवतंय, पण तो उत्तरेला महाबळेश्वरवर, नवजाला फक्त 40. तिसरं नवजाला 20 म्हणतंय. सरासरी आली 80. आता हवामान खात्याच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार. तीनपैकी दोन मॉडेलं सांगताहेत की या डोंगररांगेवर कुठेतरी अति मुसळधार पाऊस आहे, आणि सरासरीच्या नकाशात अति मुसळधार पाऊस कुठेच उरला नाही! त्याऐवजी मध्यम रंगाचा एक लांबरुंद डाग तयार झाला. 80 हा आकडा तर कुठल्याच मॉडेलने दिलेला नव्हता.

पण हाच हिशेब कोयनेच्या पाणलोटासाठी करा. पाणलोट साधारण 890 चौरस किमीचा. पट्टा नवजावर पडला काय नि महाबळेश्वरवर पडला काय, पाणी शेवटी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातच येतं. इथे जागेची चूक बरीचशी आपोआप गळून पडते आणि सरासरी खरोखरच एकेकट्या मॉडेलपेक्षा चांगली ठरते. पाणलोटावर सर्वत्र 100 मिमी पडला आणि सगळा वाहून आला, तर सुमारे 3.14 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. 105 टीएमसीच्या धरणात जुलैच्या सुरुवातीला याचं कुणाला काही वाटणार नाही. ऑगस्टच्या अखेरीला धरण भरत आलेलं असताना मात्र सांगलीपर्यंत सगळ्यांचं लक्ष याच आकड्याकडे असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी प्रश्न ठरवा. मोठं क्षेत्र आणि चार-पाच दिवसांची बेरीज हवी असेल तर सरासरी घ्या. एक गाव, एक दिवस आणि मोठा पाऊस असा प्रश्न असेल तर सरासरी बाजूला ठेवा आणि किती सदस्य तुमच्या मर्यादेच्या वर जाताहेत ते मोजा.

तुम्ही कसं करता? विशेषतः ज्यांच्याकडे स्वतःच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

वळीव_लातूर

उत्तम विषय. आमच्याकडे घाट नाही, धरणाचा विसर्ग नाही, पण प्रश्न तितकाच जिवाचा आहे. सोयाबीनला 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठं सांगतात, ते बरोबरच आहे. खरी भीती पेरल्यानंतर पावसात पडणाऱ्या खंडाची असते. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं परत, आणि हंगामही मागे पडतो.

मोबाइलवरच्या दहा दिवसांच्या अंदाजात मला खंड कधीच दिसत नाही. रोज 2 मिमी, 3 मिमी, 1 मिमी असं काहीतरी असतंच. प्रत्यक्षात आठ-आठ दिवस टिपूस पडत नाही. हे असं का होतं?

---

कोयनाकाठ

@वळीव_लातूर, हे सरासरीमुळेच होतं. समजा 51 पैकी दहा सदस्यांनी मंगळवारी पाऊस दाखवला, दुसऱ्या दहांनी बुधवारी, आणखी दहांनी शुक्रवारी. प्रत्येक सदस्याचे बाकीचे दिवस कोरडेच आहेत. सरासरी काढली की रोज थोडी थोडी भुरभुर दिसते आणि कोरडा आठवडा नाहीसा होतो. त्यात जागतिक मॉडेलांना हलका पाऊस गरजेपेक्षा जास्त दिवस पाडायची खोड आहेच.

तुमचा प्रश्न असा विचारा: किती सदस्यांमध्ये पुढच्या दहा दिवसांत सलग सात दिवस 2.5 मिमीच्या खाली आहेत? प्रत्येक सदस्याची दहा दिवसांची ओळ वेगवेगळी तपासायची, खंड आहे की नाही ते लिहायचं आणि शेवटी मोजायचं. 51 पैकी 30 सदस्यांत खंड असेल तर वाफसा असला तरी मी पेरणीला थांबेन. हे मोजायचं तर सदस्यांचे सुटे आकडे लागतात, सरासरीवरून ते कधीच काढता येणार नाही.

---

जाळीवाला

मी हा डेटा रोज उतरवून घेतो. एकत्र करण्याआधी ज्या गोष्टी सांभाळाव्या लागतात त्यांवर कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाऊस साठवायची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी. युरोपीय मॉडेल पाऊस मीटरमध्ये देतं आणि तो अंदाजाच्या सुरुवातीपासूनची बेरीज असतो. म्हणजे 48 तासांच्या फाइलमधून 24 तासांची फाइल वजा करायची आणि हजाराने गुणायचं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचा पाऊस मिमीमध्ये मिळतो. आयकॉनही सुरुवातीपासूनचीच बेरीज देतं, पण मिमीमध्ये. जीएफएसमध्ये दर सहा तासांनी बेरीज शून्यापासून सुरू होणारी नोंद असते, आणि त्याच फाइलमध्ये सुरुवातीपासूनच्या बेरजेचीही. चुकीची उचलली की पाऊस एकतर गायब होतो नाहीतर दुप्पट होतो, आणि आकडा वरवर पटण्यासारखा असल्यामुळे लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या पावसाची नोंद सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 अशी असते. यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत म्हणाल तर 03 ते 03. मॉडेलचा दिवस सहसा 00 यूटीसीला, म्हणजे आपल्या पहाटे 5:30 ला सुरू होतो. हे तीन तास क्षुल्लक वाटतात, पण पहाटेचा जोराचा पाऊस याच तासांत येऊन गेला तर तो एका दिवसातून उचलून दुसऱ्या दिवसात पडतो. मग मॉडेल चुकलं असं आपण म्हणतो, आणि मॉडेल बिचारं बरोबर असतं. पहिले सहा दिवस युरोपीय डेटा दर तीन तासांचा असतो, तेव्हा 03 यूटीसीची फाइल मिळते. 144 तासांनंतर तो दर सहा तासांचा होतो आणि 8:30 ची वेळ हातातून जाते. तिथून पुढे मी रोजचे आकडे सोडतो आणि तीन किंवा पाच दिवसांच्या बेरजेवर जातो.

तिसरी गोष्ट चौकोनांची, आणि घाटमाथ्यावर ही सगळ्यात जाचक. मोफत डेटात बऱ्याचदा पाव अंशाची जाळी मिळते, म्हणजे साधारण 27 किमीचा चौकोन. पाव अंशाच्या जाळीवर महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात येतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा! चौकोनाला एकच आकडा असतो, मग तो कुणाचा मानायचा? मॉडेलं कितीही एकत्र करा, सगळ्यांचा चौकोन तोच असेल तर हा प्रश्न सुटत नाही.

---

सत्तरी_गोवा

हेच आमच्याकडे वाळपई आणि पणजीचं. किनाऱ्यावरच्या आकड्यावरून सत्तरीच्या पावसाचा अंदाज बांधला की हमखास कमी निघतो. वाचतोय.

---

ओझरचा_मळा

द्राक्षवाला आहे, नाशिक जिल्हा. आमचा पावसाशी संबंध तुमच्या उलटा. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना 5 मिमी आला आणि पान रात्रभर ओलं राहिलं, तर डावणी हा बुरशीसारखा रोग बसतो. 80 की 180 हा प्रश्नच नाही. पडणार की नाही, आणि पडला तर दिवसा की रात्री, एवढंच मला हवं असतं.

बरं, फवारणीचा खर्च आणि घड गेल्याचं नुकसान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून 15-20 टक्के शक्यता असली तरी मी फवारतो. शेजारी म्हणतात, एवढ्याशा शक्यतेला कशाला औषध वाया घालवता. त्यांना काय सांगू?

---

सांख्यिकी_शिकवते

@ओझरचा_मळा, शेजाऱ्यांना हिशेब दाखवा. एका फवारणीचा खर्च भागिले पाऊस आल्यावर ती फवारणी जे नुकसान वाचवते ते, हा जो अपूर्णांक येईल तीच तुमची मर्यादा. खर्च 1 आणि वाचणारं नुकसान 10 असेल तर 10 टक्क्यांच्या वरच्या शक्यतेला फवारणी परवडते. खर्च आणि नुकसान जवळजवळ सारखे असतील तर 80-90 टक्क्यांखाली हलायची गरज नाही. अंदाज एकच असला तरी द्राक्षवाल्याची मर्यादा वेगळी, कांदा काढून शेतात पसरलेल्याची वेगळी आणि लग्नाचा मांडव घातलेल्याची वेगळी. पडेल किंवा पडणार नाही असं एकच उत्तर सगळ्यांना पुरत नाही ते याचमुळे. मॉडेलं एकत्र करण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. एकट्या मॉडेलकडून आकडा मिळतो, अनेकांकडून शक्यता.

एक अट मात्र आहे. 20 टक्के म्हणून जे सांगितलं जातं ते खरंच 20 टक्के असलं पाहिजे. हंगामभरात ज्या ज्या दिवशी तुम्ही 20 टक्के लिहिलंत त्या सगळ्या दिवसांपैकी साधारण पाचातल्या एका दिवशी पाऊस पडायला हवा. निम्म्या दिवशी पडला तर तुमचा समूह शक्यता कमी सांगतोय. कच्च्या समूह-अंदाजांचा नेहमीचा दोष असा की सगळे सदस्य एकमेकांच्या फार जवळ राहतात आणि खरा पाऊस त्यांच्या टप्प्याच्या बाहेर जातो. वेगवेगळ्या घराण्यांचे समूह एकत्र केले की हा पसारा वाढतो आणि शक्यता बऱ्याच खऱ्या होतात.

आता धागाकर्त्याच्या सरासरीकडे. 180 चे 80 होतात यावर एक जुना आणि साधा उपाय आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यातल्या एलिझाबेथ एबर्ट यांनी 2001 मध्ये वेगवेगळ्या केंद्रांच्या मॉडेलांची मोट बांधताना तो वापरला. समजा तीन मॉडेलं आणि शंभर चौकोन आहेत. सरासरीचा नकाशा काढा, पण त्यातून फक्त क्रम घ्या: कोणत्या चौकोनात सगळ्यात जास्त, कोणत्यात त्याखालोखाल. मग तिन्ही मॉडेलांचे मिळून तीनशे आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि दर तीनातला एक उचला. शंभर आकडे हातात येतील. त्यांतला सगळ्यात मोठा आकडा सरासरीच्या पहिल्या क्रमांकाच्या चौकोनात, दुसरा दुसऱ्यात, असं भरत जा. म्हणजे जागा सरासरीची राहते आणि पावसाचे आकडे मॉडेलांनी मुळात दिलेले राहतात. अति मुसळधार पाऊस नकाशावर परत येतो आणि कडेची खोटी भुरभुरही आटते.

जागा मात्र यानेही चुकू शकते. सरासरीनेच चुकीचा चौकोन पहिला ठरवला तर मोठा आकडा चुकीच्या ठिकाणी जाऊन बसेल.

---

वळीव_लातूर

सगळ्या मॉडेलांना सारखाच मान का द्यायचा पण? जे नेहमी बरोबर येतं त्याला जास्त वजन देऊ नये का?

---

सांख्यिकी_शिकवते

द्यावं, पण जपून. या कल्पनेमागे मोठं नाव आहे. मूळचे मद्रासचे टी. एन. कृष्णमूर्ती, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात होते. 1999 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सायन्समध्ये महासमूहाची पद्धत मांडली. आधी शिकण्याचा काळ घ्यायचा, त्यात प्रत्येक मॉडेलचे जुने अंदाज प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहायचे, आणि प्रत्येक चौकोनासाठी प्रत्येक मॉडेलचं वजन गणिताने काढायचं. वजन ऋणही येऊ शकतं, म्हणजे एखादं मॉडेल सातत्याने उलटं चुकत असेल तर त्याच्या चुकीचाही उपयोग होतो. हवामान खात्यानेही पुढे जिल्हानिहाय पावसासाठी अनेक मॉडेलांचं मिश्रण वापरलं, आणि 2021 पासून मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाजही अनेक मॉडेलांच्या समूहावर बेतलेला असतो.

घरी करताना अडचण नोंदींची येते. एका पावसाळ्यात 115 मिमीच्या वरचे दिवस तुमच्या गावी किती येणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यावर पाच-सहा वजनं ठरवली की गणित त्या चार-पाच दिवसांनाच पाठ करून टाकतं आणि पुढच्या वर्षी तोंडघशी पाडतं. शिवाय मॉडेलं मध्येच बदलतात. 2019 मध्ये जीएफएसचा गाभाच बदलला. जून 2023 मध्ये युरोपीय समूहाची जाळी 18 वरून 9 किमीवर आली. जुन्या मॉडेलवरून काढलेली वजनं नव्या मॉडेलला लावण्यात काही अर्थ नाही. समान वजनाच्या मिश्रणाला हरवणं वाटतं तितकं सोपं नाही, हे या क्षेत्रात वारंवार दिसलं आहे. आधी प्रत्येक मॉडेलचा कल, म्हणजे नेहमी एकाच बाजूला होणारी चूक, दुरुस्त करा, मग समान वजन द्या. नोंदी साठत गेल्या की वजनांकडे वळा.

---

जाळीवाला

+1. कल दुरुस्तीबद्दल थोडं. नुसत्या गुणोत्तराने भागत नाही. मॉडेलमध्ये सह्याद्रीचा कडा घासून गोल झालेला असतो, त्यामुळे माथ्यावरचा पाऊस कमी येतो आणि पूर्वेच्या उतारावर नको तितका सांडतो. हलक्या पावसाचे दिवस मात्र माथ्यावरही जास्तच येतात. म्हणजे एकाच ठिकाणी लहान आकडे फुगलेले आणि मोठे आकडे आखडलेले. दोघांना एकाच आकड्याने गुणून कसं चालेल? मी दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावतो, मॉडेलची आणि पर्जन्यमापकाची. मॉडेलच्या यादीत आजचा आकडा शंभरात नव्वदाव्या जागी बसत असेल तर पर्जन्यमापकाच्या यादीतली नव्वदावी जागा वाचायची. हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं करायचं, आणि एकत्र करण्याच्या आधी.

आयकॉनचे जुने अंदाज, जीएफएसचे जुने अंदाज ओपन-मेटिओ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पर्जन्यमापक नसेल तर कृषी विभागाच्या महारेनवर मंडळनिहाय पाऊस आहे, तो घ्या.

---

सांताक्रूझ_पूर्व

चर्चा आवडली, पण एक शंका मनातून जात नाही. 26 जुलै 2005 ला आम्ही सांताक्रूझला छातीभर पाण्यात होतो. 24 तासांत 944 मिमी. त्याच दिवशी कुलाब्याला 74 मिमीच्या आसपास. मधलं अंतर लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचं. असा पाऊस तुमच्या कोणत्याही मिश्रणातून दिसला असता का?

---

कोयनाकाठ

@सांताक्रूझ_पूर्व, 944 हा आकडा दिसला नसता, आणि सांताक्रूझ की कुलाबा हेही सांगता आलं नसतं. त्या काळी जागतिक मॉडेलांच्या जाळ्या तीस-चाळीस किमीच्या किंवा त्याहून मोठ्या होत्या. दोन्ही ठिकाणं एक-दोन चौकोनांत संपत होती. आजच्या 9 किमीच्या जाळीतही एखादी ढगांची रांग नीट उभी राहायला बरेच चौकोन सलग लागतात, त्यामुळे मॉडेल प्रत्यक्षात जे पाहू शकतं ते जाळीच्या आकड्यापेक्षा बरंच ढोबळ असतं. सगळ्या मॉडेलांना जी गोष्ट दिसतच नाही ती मिश्रणातही येत नाही.

पण किनारपट्टीवर कुठेतरी 200 मिमीच्या वर जाण्याची शक्यता नेहमीपेक्षा किती पट आहे, हे आजच्या समूहांतून दोन-तीन दिवस आधी बऱ्याचदा कळतं. 22 जुलै 2021 च्या चिपळूण आणि महाडच्या वेळचं बघा. 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिमी पडला. हा आकडा सरासरीत शोधणाऱ्याला कधी सापडणार नाही. किती सदस्य 204.5 च्या वर गेले हे मोजणाऱ्याला निदान जागं राहावं हे कळतं. त्या क्षणापासून काम रडारचं. मुंबईला कुलाब्याचं आहे, जानेवारी 2022 पासून वेरावलीचंही आहे. पुढच्या दोन-तीन तासांसाठी जागतिक मॉडेल बंद करून रडारच बघावं.

---

सांताक्रूझ_पूर्व

पटलं. शक्यता वाढल्याचं आदल्या दिवशी कळलं असतं तरी आम्ही मुलांना शाळेत पाठवलं नसतं.

---

नवशिका_पुणे

एआय मॉडेलांचं काय? ती या मिश्रणात घ्यावीत का? युरोपीय केंद्राचं एआयएफएस, गूगलचं ग्राफकास्ट वगैरे. काही मिनिटांत दहा दिवसांचा अंदाज देतात म्हणे.

---

सांख्यिकी_शिकवते

@नवशिका_पुणे, घ्यावीत, पण वेगळं घराणं म्हणून. ग्राफकास्ट 2023 मधलं. एआयएफएस फेब्रुवारी 2025 मध्ये नियमित वापरात आलं. ही बहुतेक मॉडेलं ईआरए5 नावाच्या जुन्या हवामानाच्या संचावर शिकतात, आणि त्याची जाळी 31 किमीची आहे. घाटमाथ्याचा कडा त्यांना शिकतानाच नीट दिसलेला नाही.

आणखी एक गंमत बघा. सरासरी वर्ग-चूक (चुकांच्या वर्गांची सरासरी) कमी करायला शिकवलेलं मॉडेल लांबच्या दिवसांसाठी आपोआप गुळगुळीत होत जातं, कारण जागेबद्दल खात्री नसताना मधला आकडा सांगण्यातच त्याची चूक कमी मोजली जाते. म्हणजे ज्या सरासरीवर हा धागा सुरू झाला, ती या मॉडेलांच्या पोटातच बसलेली आहे. समूह म्हणून शिकवलेली नवी मॉडेलं, उदाहरणार्थ जुलै 2025 मध्ये आलेला एआयएफएसचा समूह, या बाबतीत बरीच चांगली आहेत.

@वळीव_लातूर, तुमच्या कामाचं एक उदाहरण. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी पोचला, नोंदींतला सर्वांत लवकर, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे संदेश पाठवले. ते गूगलचं न्यूरलजीसीएम, एआयएफएस आणि 125 वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांच्या मिश्रणातून काढलेले होते, आणि मधला हा थांबा त्यात आधी सांगितला गेला होता. म्हणजे तुम्ही वर विचारलेल्या खंडाचाच प्रश्न.

---

वळीव_लातूर

मे महिन्यातच पाऊस बघून आमच्याकडे काहींनी चाड्यावर मूठ धरली होती. हे मिश्रण हंगामाच्या मध्यातल्या खंडालाही लावायला हवं. आगमन एकदाच होतं, खंड दोन-तीनदा पडतो.

---

ओझरचा_मळा

मला वेळेचं कुणी सांगेल का? दिवसा की रात्री?

---

जाळीवाला

@ओझरचा_मळा, यात एक पक्का दोष माहीत असू द्या. या जाळीच्या मॉडेलांत गडगडाटी ढग सूत्रांनी बसवलेले असतात, आणि ते सूत्र जमीन तापली की लगेच पाऊस पाडतं. म्हणून ऑक्टोबरमधला दुपारचा पाऊस मॉडेलमध्ये बाराच्या सुमारास येतो आणि प्रत्यक्षात चार-पाचनंतर, कधी रात्री. मॉडेलं एकत्र करून हा दोष जात नाही, कारण जवळपास सगळ्यांची चूक एकाच बाजूची आहे. मी अशा दिवसांत मॉडेलची वेळ सोडून देतो आणि दिवसाची एकूण शक्यता तेवढी घेतो. मोठ्या प्रणालीचा पाऊस असेल, म्हणजे बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा किंवा अरबी समुद्रातलं चक्रीवादळ, तर वेळ बऱ्यापैकी जुळते.

आणि ताज्या धावेच्या, म्हणजे मॉडेलच्या सगळ्यात नव्या अंदाजाच्या, मागे फार लागू नका. सकाळच्या अंदाजात 5 टक्के, संध्याकाळच्यात 40, दुसऱ्या सकाळी पुन्हा 10, असं झालं तर कालची आणि परवाची धावही मिश्रणात ठेवा. सदस्य वाढतात आणि उड्या कमी होतात.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. यातून एक काम सुरू करूया. मी एक सामायिक तक्ता उघडतोय. प्रत्येकाने आपल्या गावासाठी रोज रात्री नऊच्या आत दोन आकडे लिहायचे: दुसऱ्या सकाळी 8:30 पासूनच्या 24 तासांत 2.5 मिमीच्या वर पडण्याची शक्यता आणि 64.5 च्या वर पडण्याची शक्यता. कोणती मॉडेलं घेतली आणि कितीच्या धावेची, तेही लिहायचं. ते 24 तास संपले की प्रत्यक्ष पाऊस भरायचा. शक्यता शंभराने भागून त्यातून, पाऊस त्या मर्यादेच्या वर पडला असेल तर 1 आणि नसेल तर 0 वजा करायचा आणि वर्ग करायचा. महिनाअखेरीला सरासरी काढली (जितकी कमी तितकं चांगलं) की कुणाचं मिश्रण कुठे चालतं ते दिसेल. @सांख्यिकी_शिकवते, तपासणीची बाजू तुम्ही बघाल का?

पर्जन्यमापक कौलांच्या किंवा पत्र्याच्या कडेपासून लांब ठेवा. जवळची भिंत किंवा झाड मापकाच्या तोंडापेक्षा जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं. आपोआप उलटणाऱ्या वाटीचे मापक जोराच्या पावसात कमी मोजतात, त्यामुळे शेजारी एक साधा मोजनळीचाही असू द्या.

घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले लोक इथे बरेच आहेत. कोरेगाव, खटाव, माण, फलटण या बाजूचं कुणी वाचत असेल तर कृपया तक्त्यात यावं. मॉडेल डोंगरापलीकडे किती पाऊस सांडतं ते तुमच्या नोंदींशिवाय मोजता येणार नाही.

---

माणदेशी

दहिवडीहून. साधा मापक आहे, शाळेच्या मैदानात. उद्यापासून लिहितो.